साडभाऊच्या छतावरचा अँटेना

मध्य प्रदेशात, जबलपूरजवळ, बरगी धरणाचं पाणी जिथे निमुळतं होत टेकड्यांच्या कुशीत शिरतं, तिथे आमचा टोला आहे. टोला म्हणजे मूठभर घरं, एक विहार, एक हातपंप आणि मोहाची झाडं. आमचे बापआजे भंडाऱ्याकडून धरणाच्या मातीकामाला आले. धरण उभं राहिलं आणि तेही इथेच राहिले. तेव्हापासून घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि उंबऱ्यावर दोन्ही, असं आमचं बोलणं आहे.

या टोल्यात लक्ष्मणराव गजभिये राहतात. इथे कुणी जमिनीतून भाकरी काढली, कुणी पाण्यातून. लक्ष्मणरावांनी ती आकाशातून काढली.

तरुणपणी ते जबलपूरच्या रांझी भागात रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात राहिले आणि अँटेना बांधायला शिकून आले. तेव्हा जबलपूरच्या मनोऱ्यावरून टीव्हीचं चित्र निघायचं. टेकड्या ओलांडून, पाणी ओलांडून आमच्याकडे पोचेपर्यंत ते पार थकून जायचं. लक्ष्मणराव त्या थकल्या चित्राला हात देऊन घरात आणत. अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा माशाच्या काट्यासारखा सांगाडा ते उंच खांबावर चढवत आणि जबलपूरकडे तोंड करून हळूहळू फिरवत. एक माणूस टीव्हीपुढे बसे, दुसरा दारात उभा राही. "आलं", "गेलं", "थोडं मागं घ्या", "बस, हालू नका" अशा हाकांची साखळी घरातून छतावर जाई. चित्र थांबलं की लक्ष्मणराव खिशातून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढत आणि सांध्यावर ताणून ताणून गुंडाळत. शेवटचं टोक आत खोचून वर एक उलटी गाठ मारत. तशी गाठ दुसऱ्या कुणाला साधली नाही. पट्टीमुळे सांध्यात पाणी शिरत नसे आणि वाऱ्यानं खांब गुणगुणत नसे. पार बरगीच्या बाजारापर्यंत लोक छतावरची काळी पट्टी बघून सांगत, हा लक्ष्मणरावांचा हात.

टोल्यातला पहिला टीव्हीही त्यांचाच. रविवारी सकाळी त्यांच्या पत्नी शेवंताबाई अंगण सारवून ठेवत, माठ भरून ठेवत, आणि सगळा टोला तिथे येऊन बसे. म्हातारे पुढे, बाया भिंतीला टेकून, आणि सगळ्यांत मागे, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ, गुणवंत रामटेके. गुणवंत म्हणजे शेवंताबाईंच्या धाकट्या बहिणीचा, विनताचा नवरा, लक्ष्मणरावांचा साडभाऊ. नवं लग्न झालेला, लाजरा, भाजी पिकवणारा. चित्र मुंग्या मुंग्या झालं की सगळ्या माना लक्ष्मणरावांकडे वळत. ते उठत, खांबाला एक हिसडा देत, आणि चित्र जागेवर येई. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे तेज येई ते आमच्यापैकी ज्यांनी पाहिलं आहे, ते अजून विसरले नाहीत.

मग डिशच्या छत्र्या आल्या. मग मोबाइल आले. मग एक दिवस जबलपूरच्या मनोऱ्यावरून चित्र निघायचंच बंद झालं. लक्ष्मणरावांनी आपल्याच हातांनी बांधलेले अँटेने आपल्याच हातांनी उतरवले. स्वतःच्या अंगणातला खांब मात्र राहू दिला. वैशाखी पौर्णिमेला ते त्याच्यावर पंचशील ध्वज चढवत. एरवी शेवंताबाई त्याच्यावर दोडक्याचा वेल सोडत.

अशात गेल्या वर्षी नीलिमा आली. जबलपूरची मुलगी, घरची मराठी, पण बोलताना अर्धा पाय हिंदीत. कुठल्याशा संस्थेचं काम करत होती. तिनं विहारापुढे सगळ्यांना बसवलं आणि म्हणाली, "टीव्हीसाठी हवेत जी जागा राखून ठेवली होती ना, ती आता बरीचशी खाली पडून आहे. रिकामी. त्याच जागेतून आपण इंटरनेट आणून बघतो आहोत. या लाटा दूरपर्यंत जातात, झाडंझुडं मानत नाहीत. पाण्यापलीकडच्या शाळेवर आमचा मोठा अँटेना बसलाय. इथे एका घरावर छोटा बसवायचा आणि घरात त्याचा डबा. मग त्या घराच्या आसपास ज्याला पाहिजे त्यानं मोबाइल जोडावा."

शेवंताबाईंनी विचारलं, "म्हणजे धरणाचं पाणी उतरलं का काठाची जमीन उघडी पडते, अन् आपण तिच्यात टरबूज लावतो, तसं?"

"बस, तसंच मावशी. कुणा एकाची नाही, सगळ्यांनी मिळून पेरायची. पण परवानगी अजून चाचणीपुरतीच आहे. इथे नीट चाललं तर डबा इथेच राहील. नाही चाललं तर पलीकडच्या गावाला देऊ, तेही मागून राहिलेत."

लक्ष्मणराव मागे उभे होते. टीव्ही आणि लाटा हे शब्द त्यांच्या कानात पडले आणि म्हातारा माणूस एकदम ताठ झाला. आमच्याकडे मोबाइलची रेंज धरायला बांधाच्या टोकापर्यंत चालत जावं लागे. रांझीहून आजीआजोबांकडे राहायला आलेली त्यांची नात यशश्री रोज संध्याकाळी फोन हातात धरून त्या बांधावर उभी राही. आता तिला कुठं जायचं काम नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर खांबावरचा दोडक्याचा वेल ओढून काढला. वेल फुलावर आला होता.

"अहो, हे काहून करून राहिले?" शेवंताबाई धावत आल्या.

"अँटेना कुठं बसणार मग? या लाटा मले ओळखतात."

दुसऱ्या दिवशी नीलिमा हातात मीटर घेऊन घरोघर फिरली. लक्ष्मणरावांच्या अंगणात आली तेव्हा खांब घासून चकचकीत केलेला होता. तिनं मीटर बघितलं, इकडे तिकडे चालली, पुन्हा बघितलं. म्हणाली, "काका, खांब फार छान आहे. पण घर खोलगटात आहे. ते वरचं घर कुणाचं?"

वरचं घर गुणवंतचं होतं. भाजीच्या पैशातून त्यानं पक्कं छत टाकलं होतं, छतावर सौरपट्टी होती, आणि समोर पलीकडच्या काठापर्यंत नुसतं पाणी. दुपारपर्यंत अँटेना तिथे चढला. संध्याकाळपर्यंत टोला गुणवंतच्या अंगणात होता.

लक्ष्मणरावांच्या ओट्यावरून ते अंगण सरळ दिसतं. हे दिसणं त्यांना फार महाग पडलं. मासेमारी करणारे जबलपूरचा भाव बघायला तिथे बसत, बाया रांझीतल्या लेकींशी तोंड बघून बोलत. विनता सगळ्यांना चहा देई. शेवंताबाईही जात, बहिणीचंच घर, त्यांना काय. लक्ष्मणराव मात्र ओट्यावर बसून राहत आणि पाठ त्या घराकडे करून बसत. मग मान आपोआप वळे.

"त्याले साधा फ्यूज बदलता येत नाही," ते म्हणत. "मले बोलावतो."

"मशीननं घर निवडलं," शेवंताबाई म्हणत. "मशीनचं अन् तुमचं का वैर आहे?"

"मशीनले का समजते?"

गुणवंतनं काही केलं नव्हतं. तेच अवघड होतं. तो आपला खुर्ची टाकून बसे आणि कुणी 'काहून गुणवंतभाऊ, नेट लय जोरात आहे' म्हटलं की हसे, जसं दोडकं चांगलं आलं म्हटल्यावर हसायचा तसंच. त्या हसण्यात मिरवणं असतं, तर लक्ष्मणरावांना ते बरं वाटलं असतं. लोकांनी तरी काय करावं. ज्या अंगणात काही येतं, त्या अंगणाचं नाव तोंडात बसतं. 'गुणवंतच्या घरचं नेट.' लक्ष्मणरावांना हे शब्द दाताखाली खडा यावा तसे लागत.

यशश्री संध्याकाळच्या ऑनलाइन क्लासला तिकडेच बसे. येई तेव्हा तिच्या हातात विनतानं दिलेलं भजं असे. एके दिवशी ती शेवंताबाईंना सांगत होती, "छोटे आबा म्हणत होते, पुढच्या वेळेस पनागरच्या मंडीत मलाही नेतील."

"कोण छोटे आबा?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"अरे, गुणवंत आबा. तिकडे सगळी पोरं त्यांना छोटे आबाच म्हणतात."

 जेवताना लक्ष्मणरावांनी दुसरी भाकरी घेतली नाही. छत गेलं, माणसं गेली, ते एक वेळ त्यांनी सोसलं. पण 'आबा' हा शब्द या घरात जन्मला होता. तो उचलून वरच्या घरात कुणी नेला, हे त्यांना कळेना.

मग एका सकाळी त्यांना दिलासा सापडला. ओट्यावरून त्यांनी गुणवंतच्या छताकडे नीट बघितलं, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी ते हसले. अँटेना त्यांच्या ओळखीचाच होता, तोच माशाचा काटा. पण काटे उभे होते. आयुष्यभर त्यांनी काटे आडवे लावले होते. आणि तोंड जबलपूरकडे नव्हतंच, पार पाण्याकडे होतं.

"बाप्पा," ते हातपंपावर उभ्या बायांना म्हणाले, "उभा लावला की हो. शिकलेली पोरगी, अन् उभा लावला."

"पण चालते ना भाऊ, छान," एक बाई म्हणाली.

"आता चालते. पुढं पाहा."

त्या आठवड्यात एकदा ढग दाटून आले आणि नेट जरा मंद झालं. तेवढ्यानं त्यांचा विश्वास दगडासारखा झाला. पण विश्वासाच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. नीलिमा बुधवारी तपासणीला येणार होती. गुणवंतच्या घरी चाललं नाही, तर ती डबा उचलेल. आणि उचललेला डबा, त्यांच्या हिशेबानं, पाण्यापलीकडे जाणार नव्हता. तो खाली उतरून चकचकीत खांबाकडे येणार होता. मग आपण तो नीट लावू, आडवा, जबलपूरकडे, आणि सगळा टोला आपल्या अंगणात येऊन बसेल. हे दोन्ही विचार त्यांच्या मनात एकाच आसनावर बसले होते, एक सुधारणेचा आणि एक बिघाडाचा. कोणता कुणाला ढकलत होता, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मंगळवारी दुपारी गुणवंत आणि विनता रोपं आणायला पनागरला गेले. शिडी छताला टेकलेलीच होती. लक्ष्मणराव चढले. गुडघे कुरकुरले, पण वर पोचल्यावर वारा लागला आणि पाणी दिसलं, तेव्हा त्यांना आपलं जुनं वय आठवलं. पाना घेऊन त्यांनी क्लॅम्प सैल केला, काटे आडवे केले, तोंड हळूहळू जबलपूरकडे फिरवलं. खाली हाक द्यायला कुणी नव्हतं. 'आलं' म्हणणारं कुणी नव्हतं. क्लॅम्प घट्ट करून ते उतरायला निघाले, पण उघडा सांधा तसाच सोडणं त्यांच्या हाताला जमेना. इतक्या वर्षांत एकही सांधा त्यांनी उघडा ठेवला नव्हता. हात आपोआप खिशात गेला. पट्टी ताणली, गुंडाळली, टोक खोचलं, उलटी गाठ मारली. मग समाधानानं शिडी उतरले.

संध्याकाळी यशश्री लवकर परत आली. रिकाम्या हातानं.

"नेट नाही चल रहा, आबा. क्लास बुडाला. उद्या टेस्ट आहे."

"हळू झालं का?"

"हळू नाही. बंदच. काहीच नाही."

लक्ष्मणरावांना हे अपेक्षित नव्हतं. जोरात चालावं, आणि मग लोकांनी विचारावं कुणी सुधारलं, असं एका मनाला वाटत होतं. "मी पाहू का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय बघणार, आबा. उद्या दीदी येतील ना." ती पोर साधेपणानं बोलली आणि फोन घेऊन बांधाच्या टोकाकडे चालू लागली, जशी आधी जायची. 

बुधवारी नीलिमा आली तेव्हा सगळा टोला गुणवंतच्या अंगणात होता. लक्ष्मणरावही आले. अँटेना बसल्यापासून ते पहिल्यांदाच तिथे येत होते, आणि दाराशीच उभे राहिले. नीलिमानं डबा तपासला, मीटर लावलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"सिग्नल जवळपास नाहीच," ती गुणवंतला म्हणाली. "भैया, हे असंच असेल तर मला लिहावं लागेल की इथे जमत नाही. पलीकडचे तर रोज फोन करतात."

 लक्ष्मणराव दारातून म्हणाले, "पलीकडे काहून? टोल्यात दुसरी घरं आहेत की."

"बाकी घरं तर मी आधीच बघितली ना, काका. इथे नाही, तर टोल्यात कुठेच नाही."

लक्ष्मणरावांच्या मनातला चकचकीत खांब त्या क्षणी आडवा झाला.

नीलिमा शिडी चढली. वर गेल्या गेल्या तिचा आवाज आला. "अरे, हा आडवा कुणी केला? टीव्हीच्या लाटा आडव्या होत्या, या आम्ही उभ्या सोडल्यात. अन् तोंड जबलपूरकडे? तिकडे आता काहीच नाही. आपली शाळा तर पाण्यापलीकडे आहे." मग जरा थांबून, "आणि ही काळी पट्टी कसली गुंडाळली आहे?"

पट्टीचं नाव निघालं आणि अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. वर नाही, दाराकडे. म्हाताऱ्यांनी ती गाठ खालूनच ओळखली होती. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. यशश्री फोन हातात धरून आबांकडे बघत होती.

तेव्हा गुणवंत खुर्चीवरून उठला आणि वर बघून म्हणाला, "म्याच सांगितलं होतं साडभाऊले, दीदी. वाऱ्यानं सैल झाला होता. मी पनागरले होतो, तर म्हटलं, पाहून घ्या जरा. चूक माझी आहे."

तंबाखूची चिमूट पुढे करावी इतक्या सहज तो खोटं बोलला. लोकांच्या चेहऱ्यावर एक मऊपणा आला. विनता नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं कौतुकही लक्ष्मणरावांनी पाहिलं.

छत याचं. माणसं याची. आबा हा शब्द याचा. आणि आता हा मोठेपणाही याचाच. लक्ष्मणरावांना बाकी सगळं गिळता आलं होतं, हे गिळता येईना.

"खोटं बोलून राहिला तो," ते म्हणाले. "त्यानं मले काही सांगितलं नाही. तो नव्हता, तवा मी चढलो. आडवा म्या केला. जबलपूरकडे म्या फिरवला."

"भाऊजी," विनता हळूच म्हणाली, "काहून?"

"काहून म्हणजे? मले वाटलं, उभा चुकीचा आहे." ते थांबले. अर्धं सांगून सुटता आलं असतं, पण गुणवंत समोर उभा होता, आणि त्याच्यापेक्षा कमी पडायचं नव्हतं. "अन् वाटलं, इथं बिघडलं तर माझ्या घरी लावतील."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. गुणवंत डोकं खाजवत म्हणाला, "एवढंच होतं तर मले सांगायचं होतं, साडभाऊ. घरचं छतच काढून दिलं असतं. खांब तर तुमच्याकडे आहेच."

आता सगळं अंगण हसलं. शेवंताबाईही हसल्या. लक्ष्मणरावांनी तेही टिपून ठेवलं, की गंमतही याचीच चालते.

नीलिमानं क्लॅम्प सोडवला, काटे उभे केले, तोंड पाण्याकडे वळवलं. खाली डब्यापाशी यशश्रीला बसवलं होतं. वरून नीलिमा विचारत होती, खालून यशश्री सांगत होती. "आलं, दीदी. नाही, गेलं. थोडं मागे. आलं, आलं. बस." लक्ष्मणराव दाराशी उभे राहून त्या हाका ऐकत होते. शब्द त्यांच्याच अंगणातले होते. नातीला ते कुणी शिकवले नव्हते.

"चला, राहतो डबा इथेच," नीलिमा वरून म्हणाली. "ही पट्टी काढून टाकू ना? सोडवताना अर्धी सुटलीच आहे."

"नको," गुणवंत म्हणाला. "अँटेना बसल्यापासून वारा आला की खांब रात्रभर गुणगुणतो. काल पहिल्यांदा शांत झोप लागली. साडभाऊ, तेवढी पुन्हा बांधून द्या."

लक्ष्मणराव एकदा म्हणाले, "तूच बांध की." मग गुणवंतनं खरोखरच शिडीला हात लावला, तेव्हा त्याला बाजूला सारून ते स्वतः चढले. वर त्यांनी पट्टी सोडली, झटकली, नव्यानं ताणून गुंडाळली आणि उलटी गाठ मारली. खालून सगळे बघत होते. त्यांनी जरा वेळ लावला.

यशश्री त्या दिवशी आबांशी बोलली नाही. टेस्ट मात्र वेळेत दिली.

आता लक्ष्मणराव रोज संध्याकाळी गुणवंतच्या अंगणात जातात. सगळ्यांत मागे, तिथल्या खुराड्याजवळ बसतात. कुणी नवा माणूस 'गुणवंतच्या घरचं नेट' म्हणाला, की ते छताकडे बोट करून म्हणतात, "ती काळी पट्टी दिसते? माझी आहे." त्यांचा जळफळाट गेला असं मी म्हणणार नाही. खाली त्यांच्या अंगणात शेवंताबाईंनी खांबाशी पुन्हा दोडका लावला आहे आणि वेल वर चढतो आहे, तेही ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतात.

परवा क्लास चालू असताना यशश्रीनं मान वर न करता हाक मारली, "छोटे आबा, थोडं पाणी."

गुणवंत खुर्चीवरून उठायच्या आत लक्ष्मणराव उठले होते. गुडघे धरून ते विनताच्या माठापाशी गेले, पेला भरला, आणि नातीच्या हातात नेऊन दिला.